माझ्या आईचं उत्पन्न चार हजार कुणी ठरवलं? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांचे मा. सदस्य,
आणि विमा कंपन्यांच्या क्लेम विभागांतले अधिकारी

स. न. वि. वि.

आपल्यापैकी एका न्यायाधिकरणानं माझ्या आईच्या अपघाती मृत्यूच्या दाव्याचा निकाल दिला. टेम्पोचालकाचा निष्काळजीपणा मान्य झाला, विमा कंपनीनं पैसे भरायचे हेही ठरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार निकालपत्रातल्या एका वाक्याची आहे: मयत ही गृहिणी असून तिच्या उत्पन्नाचा पुरावा नसल्याने तिचे मासिक उत्पन्न रुपये ४,००० गृहीत धरणे न्याय्य होईल. चार हजारच का, तीन का नाही, नऊ का नाही, याबद्दल त्याच्या आधी काही लिहिलेलं नाही आणि नंतरही नाही.

निकालाविरुद्ध आम्ही उच्च न्यायालयात अपील केलं आहे, त्याचं जे व्हायचं ते तिथं होईल. हे पत्र जाहीरपणे लिहितेय, कारण हे वाक्य फक्त माझ्या आईच्या वाट्याला आलेलं नाही. दावा चालला त्या काळात कोर्टाच्या व्हरांड्यात ज्यांची आई, बायको, सून गेलीय अशी पुष्कळ माणसं भेटली. आकडा थोडा पुढंमागं, पण वाक्य तेच.

आमचं गाव माणदेशात. चार एकर जमीन, त्यातली पाण्याखाली जेमतेम एक. घर चालायचं ते दुधावर. चार जर्शी गाई होत्या आणि त्यांचं सगळं आई बघायची. पहाटे शेण काढायचं, धारा काढायच्या, किटली संकलन केंद्रावर पोचवायची, मग कडवळ कापून आणायचं, कुट्टी करायची, पेंड भिजवायची. दुपारी रानात खुरपणी. संध्याकाळी पुन्हा धारा. मध्ये चौघापाचांचा स्वयंपाक, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीचं हागणं-मुतणं. २०१९ मध्ये ती गेली तेव्हा ४६ वर्षांची होती.

आता कोर्टात हे कसं नोंदवलं गेलं ते सांगते. विमा कंपनीच्या वकिलांनी वडिलांची उलटतपासणी घेतली.

“दूध कुणाच्या नावावर जातं?”
“माझ्या.”
“पैसे कुणाच्या खात्यावर जमा होतात?”
“माझ्याच.”
“सातबारा?”
“माझ्या आणि भावाच्या नावावर.”
“मग मयत काय करायच्या?”
“सगळं तीच करायची.”
“म्हणजे घरकाम?”

वडील गप्प राहिले. जबाबात उतरलं ते असं: हे म्हणणे खरे आहे की, मयत ही गृहिणी होती. मयताच्या नावे जमीन अगर दूध खाते नव्हते हे म्हणणे खरे आहे.

दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण त्यांवरून निघालेला निष्कर्ष खरा नाही. महाराष्ट्रातल्या किती शेतकरी बायकांच्या नावावर सातबारा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, काही गावांत बायकांची नावं उताऱ्यावर लागली. बहुतेक ठिकाणी आजही नाव पुरुषाचं आणि राबणं बाईचं. ज्या पुराव्यापासून तिला जन्मभर लांब ठेवलं, तोच पुरावा ती मेल्यावर आम्ही आणावा अशी अपेक्षा आहे. मोटार अपघाताच्या दाव्यात काटेकोर पुरावा मागायचा नाही, शक्याशक्यतेच्या तराजूत बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. गाडीचा नंबर आणि चालकाची चूक ठरवताना आपण ते पाळता. बाईचं काम ठरवताना मात्र पासबुक लागतं.

भरपाईची रक्कम कशी निघते, हे वाचकांनाही कळायला हवं. मला स्वतःला ते दावा लावल्यावरच कळलं, आणि गावात अजून कुणाला माहीत नाही.

अमेरिकेत असा खटला चालला तर नुकसानीचा आकडा बहुधा ज्यूरी ठरवते, म्हणजे सामान्य नागरिक. ते खोलीत बसून आपापसांत बोलतात आणि आकडा सांगतात. तो कसा काढला याची कारणं त्यांना सहसा लिहावी लागत नाहीत. आपल्याकडं हे काम न्यायाधीशाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ नं त्याला ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई द्यायचा अधिकार दिलाय आणि निकालाला कारणं द्यायची जबाबदारीही त्याच्यावर आहे. सारख्याच दाव्यांत वेगवेगळ्या रकमा निघू लागल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात एक कोष्टक घालून दिलं, आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते पक्कं केलं. मयताचं महिन्याचं उत्पन्न घ्यायचं. त्यात भविष्यातल्या वाढीचा हिस्सा मिळवायचा. मयताचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा, अवलंबित दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. बाराने गुणून वर्षाचं करायचं, आणि वयाप्रमाणं ठरलेल्या गुणकानं पुन्हा गुणायचं. वय ४६ ते ५० असेल तर गुणक १३.

आईचा हिशेब असा झाला: चार हजारांत २५ टक्के वाढ धरून पाच हजार. एक तृतीयांश वजा जाता महिन्याला ३,३३३. वर्षाचे ४०,०००. गुणिले १३ म्हणजे ५ लाख २० हजार. त्यावर सहवास गमावल्याची, अंत्यविधीची वगैरे ठरलेली रक्कम आणि व्याज.

या कोष्टकाला माझा विरोध नाही. ते चांगलं आहे. न्यायाधीश बदलला म्हणून रक्कम बदलू नये, हे अगदी योग्य. पण त्यातल्या सगळ्या पायऱ्या बांधलेल्या आहेत आणि पहिला आकडा मोकळा सोडलाय. पगारदार माणसाची पगारपट्टी असते, त्याचा प्रश्न येत नाही. बाईच्या बाबतीत तो आकडा अंदाजानं घालतात, आणि पुढचा सगळा गुणाकार त्या अंदाजाचा होतो. चारच्या जागी दहा हजार धरले असते तर हाच हिशेब १३ लाखांवर गेला असता.

चार हजार हा आकडा कुठून येतो, याचा मी माझ्या परीनं शोध घेतला. मला त्याचा सगळ्यात जवळचा पूर्वज सापडला तो लता वाधवा खटल्यात. मार्च १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका आणि मुलं दगावली. त्यांच्या भरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये न्यायालयानं गृहिणींच्या घरातल्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. पुरावा नसला तरी गृहिणीच्या कामाला किंमत आहे, हे तेव्हा स्पष्टपणे म्हटलं गेलं, म्हणून तो निकाल मोठा. पण ती घटना १९८९ ची होती. माझी आई त्यानंतर तीस वर्षांनी गेली. तीस वर्षांत तिच्या कामाची किंमत एक हजार रुपयांनी वाढली असं आपलं म्हणणं आहे का?

दुसरा हिशेब बघा. २०१९-२० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २०६ रुपये होती. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५,३५६ रुपये होतात. माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई. दुष्काळी कामावर सरकार देतं ती रक्कम जगण्यापुरती असते, त्यापेक्षा खाली कुणाच्या श्रमाचं मोल जाऊ नये म्हणून असते. माझ्या आईच्या कामाची किंमत आपण त्याहूनही खाली नेली. आणि गाई रविवारी सुट्टी देत नाहीत, तेव्हा २६ दिवस हा हिशेबही तिच्यावर अन्यायच करतो.

आई गेल्यावर तिच्या जागी काय काय लागलं, त्याची नोंद वडिलांनी वहीत ठेवली होती. त्यांना सवय आहे, दुधाच्या फॅटचा हिशेबही ते तसाच ठेवत. पहिल्या आठवड्यात दूध निम्म्यावर आलं, कारण थोरली गाय दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडेना. दोन महिन्यांनी दोन गाई विकाव्या लागल्या, चौघींचं करणं एकट्या माणसाला जमेना. आजीसाठी गावातली एक बाई अर्ध्या दिवसाला ठेवली, तिला महिना सहा हजार द्यावे लागले. तेवढ्या एका कामाचेच सहा हजार. खुरपणीला मजूर बाई लावली तर दिवसाचे अडीचशे-तीनशे. स्वयंपाक वडील शिकले, त्याची नोंद वहीत नाही. ही वही आम्ही कागदपत्रांसोबत दाखल करायला निघालो तर सांगण्यात आलं की याचा उपयोग होणार नाही, घरगुती वहीला कोण विचारतंय. निकालपत्रात खरंच तिचा उल्लेख नाही.

आता गृहिणी या रकान्याबद्दल. १९९४ मध्ये कायद्याला जे दुसरं परिशिष्ट जोडलं त्यात कमाई नसलेल्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं, आणि न कमावत्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश. म्हणजे नवरा गरीब तर बायको त्याहून तिपटीनं गरीब, मग ती दिवसाचे सोळा तास राबो. अरुणकुमार अग्रवाल खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं या दृष्टिकोनावर कडक शब्दांत बोट ठेवलं. जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत बसवलंय, याचीही त्या निकालात दखल आहे. ते परिशिष्ट आता तसं राहिलेलं नाही, त्याची सवय मात्र राहिलीय.

२०२१ च्या जानेवारीत कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी यावर स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे त्यात आहेत: घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरणं म्हणजे तिच्यावर उपकार नव्हे, तिच्या श्रमाची ती कायदेशीर दखल आहे, हा त्या निकालाचा गाभा. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं विचारलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी कसं धरता येईल, आणि भरपाई वाढवून सहा लाख केली. आपल्या राज्यातलंच उदाहरण हवं असेल तर २०२० मध्ये नागपूर खंडपीठासमोर अमरावती जिल्ह्यातला दावा होता. बाई गृहिणी, उत्पन्न नाही, म्हणून न्यायाधिकरणानं भरपाई नाकारली होती. खंडपीठानं तो निकाल बदलून भरपाई दिली. पण अपघात आणि खंडपीठाचा निकाल यांच्यामध्ये त्या घरानं किती वर्षं काढली असतील, याचा विचार करा. अपिलात मिळतं म्हणून खाली कमी दिलं तर चालतं, असं कुणी म्हणू नये. अपिलाला जाण्याची ऐपत सगळ्यांची नसते. व्हरांड्यात भेटलेल्यांपैकी बहुतेकांनी चेक घेतला आणि गेले.

यांतले निकाल आमच्या वकिलांनी युक्तिवादात दिले होते. ते लागू का नाहीत, हेही आदेशात लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. अर्जात आजीचं नाव होतं. सासू ही सुनेवर अवलंबून नसते, तिला मुलगा आहे, असं म्हणून ते गाळलं. जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूलाही भरपाई मागता येते, असं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एन. जयश्री खटल्यात सांगितलंय. आमच्या घरात आईवर सगळ्यात जास्त कोण अवलंबून होतं असं गावात कुणालाही विचारलं असतं, तर उत्तर आजी असंच आलं असतं. तिला धरलं असतं तर अवलंबित चार होऊन वजावट एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांश झाली असती, आणि त्याच चार हजारांवरही ५ लाख ८५ हजार निघाले असते. आजी निकालाच्या आधीच गेली.

विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना थेट विचारते. लोकअदालतीच्या दिवशी वडिलांना बाजूला घेऊन ‘गृहिणीच्या केसला यापेक्षा जास्त होत नाही, घेऊन टाका, पुढं तारखाच पडतील’ असं सांगितलं गेलं. देऊ केलेला आकडा कसा काढला, याचा कागद मागितला तर मिळाला नाही. प्रीमियम घेताना तुम्ही गाडीमालकाला पैशापैशाचा हिशेब छापून देता. भरपाई देताना तोच हिशेब दोन ओळींत का लिहून देता येत नाही? तडजोडीला माझी हरकत नाही, कित्येक घरांना पैसे लवकर मिळणं जास्त गरजेचं असतं. पण वडिलांसारखा माणूस कोष्टक न बघता सही करतो, तेव्हा ती तडजोड बरोबरीची नसते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं दावा लावायला सहा महिन्यांची मुदत घातलीय. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण गावात दहाव्या-तेराव्याच्या दिवशी हे सांगणारं कुणी नसतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

उत्पन्नाचा पुरावा नसेल तेव्हा मयत बाईचं उत्पन्न अपघाताच्या तारखेला लागू असलेल्या किमान वेतनाखाली धरू नये. राज्याचा कामगार विभाग किमान वेतनात मिळवायच्या विशेष भत्त्याचे दर दर सहा महिन्यांनी जाहीर करतो, ते शोधायला अवघड नाहीत. कोणत्या कामाचा आणि कोणत्या तारखेचा दर घेतला, ते निकालपत्रात लिहावं. ही खालची मर्यादा आहे. बाई शेती, जनावरं, आजारी माणसं आणि घर असं सगळं बघत असेल तर तिचा आकडा त्याच्या वर गेला पाहिजे.

गृहीत धरलेल्या आकड्याची कारणं लिहावीत. अर्जदाराला तो खोडून काढता यावा इतकी तरी. वकिलांनी दिलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नाकारायचा असेल तर तो का, हेही लिहावं.

खातं आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे यावर प्रश्न थांबवू नये. काम कोण करत होतं, हे विचारावं. संकलन केंद्राचा सचिव, शेजारी, बचत गटातल्या बायका यांची साक्ष घ्यावी. बाई गेल्यावर तिच्या कामासाठी घरानं जो खर्च केला, त्याची वही पुरावा म्हणून वाचावी.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्या सासू-सासऱ्यांना अवलंबितांमध्ये धरायचं की नाही, हे त्या घरातली वस्तुस्थिती बघून ठरवावं.

विमा कंपन्यांनी आपल्या वकिलांना लेखी कळवावं की गृहिणीला उत्पन्न नव्हतं हा बचाव यापुढं घ्यायचा नाही. लोकअदालतीत देऊ केलेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब मराठीत, सहीशिक्क्यासह, अर्जदाराच्या हातात द्यावा आणि घरी नेऊन दाखवायला वेळ द्यावा.

आणि राज्य सरकारला, कारण न्यायाधिकरणांसाठी नियम करायचा अधिकार कलम १७६ खाली त्यांच्याकडं आहे: यांतलं जे नियमांत बसवता येईल ते बसवा. तोपर्यंत भरपाईचं कोष्टक आणि वर्षवार किमान वेतन एका पानावर छापून प्रत्येक न्यायाधिकरणाच्या बाहेर, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत लावा. अपघाताचा गुन्हा नोंदवायला आलेल्या माणसाला ते पान हातात मिळालं पाहिजे.

आपली,
मयताची मुलगी,
अर्जदार क्रमांक २